नामस्मरण होते, मग घरातच शब्द का चढतो?

हा प्रश्न विचारणारे गृहस्थ ठाण्यात राहणारे, पंचेचाळिशी ओलांडलेले नोकरदार आहेत. घरात वडिलांपासून हरिपाठाचा नेम आहे आणि तो त्यांनी मोडलेला नाही. कचेरीत त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकलेला नाही. घरी मात्र आईशी, पत्नीशी आणि मुलाशी बोलताना शब्द तिखट होतो, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की त्याची टोचणी लागते. कोणीतरी सुचवले म्हणून रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहून काढण्याचा प्रयोग त्यांनी केला, पण काही दिवसांतच ती वही त्यांना खोटी वाटू लागली. आई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते तेव्हा काय करावे, आणि सोळा वर्षांच्या मुलाला हरिपाठाला बसवावे की नाही, हेही त्यांनी विचारले आहे.

प्रवचनाच्या निमित्ताने माझे अनेक वर्षे घरोघरी जाणे-येणे आहे आणि हा प्रश्न मला बहुतेक वेळा नेमाने साधना करणाऱ्यांनीच विचारलेला आहे. नाम घेत राहिले की वाणी आपोआप गोड होईल, असे त्यांनी धरून चाललेले असते. तसे होत नाही. नामाने मन निवळते हे खरे, पण निवळलेले मन संध्याकाळी सात वाजता, दमून घरी आल्यावर, कोणत्या वाक्यात उतरवायचे हे वेगळे शिकावेच लागते, आणि ते शिकवणारे मार्गदर्शन आपल्या परंपरेत भरपूर आहे. आपण ते पारायणात वाचतो आणि पुढच्या ओवीकडे जातो.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. तुमचा जिभेवर ताबा नाही असे नाही. तो नसता तर कचेरीतही शब्द चढला असता. आषाढी वारीत हेच दिसते. आळंदीहून पंढरपूरकडे जाणाऱ्या वाटेवर वारकरी समोरच्या प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतो, वयाने लहान असलेल्याच्याही पाया पडतो, आणि गर्दीत कोणाचा पाय आपल्या पायावर पडला तरी तोंडातून ‘माउली’च निघते, तोच माणूस घरी परतल्यावर चहाला उशीर झाला म्हणून घर डोक्यावर घेतो. ताबा त्याच्याकडे आहे, घरात तो वापरण्याची गरज त्याला वाटत नाही. गरज वाटत नाही, कारण घरातली माणसे आपल्यासाठी जे करतात ते दिसेनासे झालेले असते आणि जे राहून गेले तेवढेच डोळ्यांत भरते. म्हणून वाणी आणि कृतज्ञता असे दोन वेगळे अभ्यास मी सांगत नाही. घरच्यांचे श्रम पाहण्याची सवय आधी लागावी लागते आणि शब्द त्यानंतर सुधारतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायातला पंधरावा श्लोक तुम्हाला ठाऊक असेल. जे वाक्य उद्वेग निर्माण करत नाही, जे सत्य, प्रिय आणि हितकर आहे, ते बोलणे आणि स्वाध्यायाचा अभ्यास यांना तेथे वाणीचे तप म्हटले आहे. या श्लोकाचा आधार घेऊन अनेक जण ‘मी खरे तेच बोलतो’ एवढ्या एका गुणावर उभे राहतात. शंकराचार्यांच्या भाष्यात याचे स्पष्ट उत्तर आहे: हे सगळे गुण एकत्र असतील तरच ते तप, वाक्य सत्य आहे पण त्यात प्रियता, हित किंवा अनुद्वेग यांपैकी काही कमी असेल तर ते तप होत नाही. आचार्यांनी उदाहरण म्हणून दिलेले वाक्यही मोठे घरगुती आहे: बाळा, शांत हो, स्वाध्याय आणि योग कर, त्यात तुझे कल्याण आहे. संन्याशाला नमुना द्यायचा होता तेव्हाही वडीलधाऱ्याने लेकराला सांगावे तसेच वाक्य सुचले, याकडे लक्ष द्यावे असे मला वाटते.

परंतु रोजच्या उपयोगासाठी मी साधकांना ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायाकडे पाठवतो. तेथे अहिंसेचा विषय चालला आहे आणि अहिंसा माणसाच्या चालण्यात, बोलण्यात, पाहण्यात, हातांच्या हालचालीत कशी दिसते याचे ज्ञानदेवांनी विस्ताराने वर्णन केले आहे. बोलण्याविषयीची एक ओवी अशी आहे: ‘पुढां स्नेह पाझरे । मागां चालती अक्षरें । शब्द पाठीं अवतरे । कृपा आधीं ॥’ क्रम पाहा. आधी स्नेह, मग अक्षरे. आपल्या घरात क्रम उलटा असतो: आधी शब्द जातो, मग त्याच्यामागे धावत जाऊन ‘माझा तसा हेतू नव्हता’ हे स्पष्टीकरण द्यावे लागते.

त्याच प्रकरणात पुढे वाणीने टाकून द्यायच्या दोषांची यादी आहे. मोजले तर बारा भरतात: विरोध, वाद जिंकण्याचा जोर, जिवाला ताप देण्याची ओढ, उपहास, छळ, वर्मस्पर्श, हेका, आवेग, डावपेच, आशा, शंका आणि फसवणूक. एकेका दोषावर प्रवचन करता येईल, पण कुटुंबाच्या संदर्भात यातला वर्मस्पर्श मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर थोडे थांबतो.

वर्मावर बोट ठेवण्यासाठी वर्म माहीत असावे लागते, आणि ते घरच्यांनाच माहीत असते. कचेरीतल्या सहकाऱ्याला तुमच्या मेहुण्याचा धंदा बुडाल्याचे ठाऊक नाही, मुलाला आठवीत शाळेत कोणत्या नावाने चिडवत असत ते ठाऊक नाही, आईला कोणत्या जावेचे टोमणे आयुष्यभर सलत राहिले तेही ठाऊक नाही. तुम्हाला हे सारे ठाऊक आहे. पत्नी विचारते, “विजेचे बिल भरले का?” उत्तर येते, “भरले. मी काही तुझ्या भावासारखा नाही.” आवाज चढलेला नाही, अपशब्द नाही, बोलणाऱ्याला आपण काही वावगे बोललो असे वाटतही नाही, पण तिचा हात क्षणभर थांबतो, ती कुकरचे झाकण गरजेपेक्षा जोरात दाबते आणि त्यानंतर रात्रीपर्यंत तिची उत्तरे एका शब्दाची होतात. मुलगा शेजारच्या खोलीतून हे ऐकत असतो आणि माणसाला कोठे मारायचे असते ते शिकत असतो. तुम्ही ‘शब्द तिखट होतो’ असे लिहिले आहे. मला शंका अशी आहे की तिखट शब्दांपेक्षा असे थंड, नेमके शब्द तुमच्या घरात जास्त दुखवत असतील. आपल्या संभाषणात कोणाच्या तरी माहेरचा, जुन्या अपयशाचा, शरीराचा किंवा ‘अगदी तुझ्या बाबांवर गेलास’ अशा साम्याचा उल्लेख येतो का, एवढेच पंधरा दिवस तपासून पाहा.

‘पंधरा दिवस’ हे सहज म्हटले नाही. बाराही दोष एकदम सोडण्याचा संकल्प करणारा चौथ्या दिवशी सगळेच सोडून देतो. एका एकादशीपासून पुढच्या एकादशीपर्यंत एकच दोष धरावा, हा मी सांगत असलेला नेम आहे. एकादशी घरात पाळली जातेच, त्यामुळे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. शिवाय खिचडीत दाण्याचे कूट कमी पडले म्हणून उपवासाच्या दिवशीच आवाज चढवणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. पोटाबरोबर जिभेलाही त्या दिवशी काही नेम असला तर बिघडणार नाही. पहिल्या पंधरवड्यात वर्मस्पर्श घ्यावा, दुसऱ्यात उपहास. आवेग मागाहून घ्यावा, कारण तो धरायला सर्वांत अवघड आहे: समोरच्याचा प्रश्न संपण्याआधी उत्तर तोंडातून निघालेले असते.

उपहासाचा विषय निघालाच आहे तर आमच्याच क्षेत्राबद्दल एक गोष्ट सांगतो. तुकोबांच्या पत्नी जिजाई यांना कजाग ठरवून श्रोत्यांना हसवण्याची एक खोड कीर्तनांत आणि प्रवचनांत पडून गेली आहे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली, असे त्यांनीच अभंगात सांगितले आहे. त्या दुष्काळाने पोळलेल्या घरात जिजाईंनी चूल पेटती ठेवली, मुले वाढवली, आणि डोंगरावर जाऊन बसलेल्या नवऱ्यासाठी भाकरी घेऊन त्या भंडारा चढत असत, असे परंपरा सांगते. त्या बाईंच्या तोंडी चार कडक शब्द आले असतील तर त्यांचे कारण शोधावे. टाळ्या मिळवण्यासाठी त्यांची नक्कल करू नये. ज्या घरातली पुरुषमंडळी असे कीर्तन ऐकून हसतात त्या घरात दुसऱ्या दिवशी बायकोच्या तक्रारीला ‘लागली जिजाई बोलायला’ हे उत्तर मिळते. हे मी कानांनी ऐकलेले आहे.

आता वहीकडे येतो. ती खोटी वाटली, यात मला काही आश्चर्य वाटत नाही. ‘आज पाऊस छान पडला’, ‘प्रकृती ठीक आहे’, ‘कामे वेळेत झाली’ असे त्यात लिहिले असणार. त्यात माणूस नाही आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही. आपल्याकडे कृतज्ञतेची रीत वेगळी आहे आणि ती फार नेमकी आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलांची खांदेमळणी करतो. वर्षभर ज्या जागी जू घासले तोच खांदा तो हळद आणि तूप लावून चोळतो आणि म्हणतो, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ बैलाचे सर्वसाधारण कौतुक तो करत बसत नाही. जू नेमके कोठे घासते हे त्याला माहीत असते आणि त्याचा हात तेथेच जातो. घरातल्या प्रत्येक माणसाचे जू कोठे घासते हे तुम्हाला सांगता येते का? मी हा प्रश्न पुष्कळ कुटुंबप्रमुखांना विचारतो आणि बहुतेकांना उत्तर देण्यासाठी वेळ लागतो.

म्हणून वही ठेवायचीच असेल तर तिच्यात रोज घरातल्या एकाच माणसाचे एकच काम लिहा, आणि ते काम करताना त्याला तुम्ही पाहिलेले असले पाहिजे. त्यासाठी एखाद्या सकाळी लवकर उठून स्वयंपाकघराच्या दारात नुसते उभे राहावे लागेल. डबे भरताना पहिल्या, नीट फुगलेल्या पोळ्या मुलाच्या आणि तुमच्या डब्यात जातात, कडेला करपलेली पोळी बाजूला पडते आणि ती कोणाच्या वाट्याला येते ते नऊ वाजेपर्यंत कळते. आईच्या खोलीत पाहिले तर तिने स्वतःच्या औषधांच्या रिकाम्या डब्या धुऊन ठेवलेल्या असतात, न सांगता तांदूळ निवडलेले असतात आणि कोणी नसलेल्या खोलीतला पंखा बंद केलेला असतो. मुलाने काय केले हे पाहायला अधिक डोळस व्हावे लागेल, कारण सोळाव्या वर्षी मुले चांगले काम लपून करतात. हे पाहिल्यावर वहीत लिहिलेली ओळ खोटी वाटणार नाही.

मग ते बोलून दाखवावे, पण आपल्या घरांतल्या पद्धतीने. घरात ‘मी तुझा फार आभारी आहे’ असे एकदम म्हटले तर बायको कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहील. आपल्याकडे हे काम वस्तूच्या निमित्ताने होते: “आज आमटीला कोकम टाकलेस ना, फार दिवसांनी अशी लागली.” “तांदूळ निवडून ठेवलेस का आई? माझे काम वाचले.” काय केले ते नेमके सांगावे आणि तेथेच थांबावे; त्याला जोडून ‘रोज असेच करत जा’ असे म्हटले की कृतज्ञतेची मागणी होते. जेवणाआधी ‘वदनी कवळ घेता’ म्हणत असाल तर त्यानंतर पहिला घास घेण्याआधी ताटातला एक पदार्थ कोणी, कधी आणि किती वेळ खपून केला हे मनात आणायला अर्धे मिनिटही लागत नाही. रांधणाऱ्यांनी शेवटी उरलेसुरले खायचे ही रीत ज्या घरात अजून आहे तेथे आधी ती मोडून सगळ्यांनी एकत्र बसावे. तसे झाले नाही तर श्लोक कितीही सुरात म्हटला तरी काही उपयोग नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्षमेबद्दलही असेच आहे. सकाळी अंथरुणातून उतरताना आपण पृथ्वीला ‘पादस्पर्शं क्षमस्व मे’ म्हणतो. पाय लागण्याआधी क्षमा मागतो. आदल्या रात्री ज्याला ‘तुझ्याने काही होणार नाही’ असे म्हटले त्या मुलाची मात्र क्षमा मागायची तर वडीलपणा आडवा येतो. ती त्याच दिवशी, झोपण्याआधी मागावी आणि त्या वाक्यात ‘पण’ येऊ देऊ नये. “मी तसे बोलायला नको होते” येथे पूर्णविराम. “पण तूसुद्धा” म्हटले की वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

मौनाविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगणे भाग आहे, कारण शब्द आवरायला लागलेले पुष्कळ साधक अबोल्यात जातात आणि त्याला मौन समजतात. अबोला हा शब्दांशिवाय केलेला वार आहे. त्यात समोरच्याला तिष्ठत ठेवलेले असते. महात्मा गांधी सोमवारी मौन पाळत, ते सगळ्यांना आधीपासून माहीत असे आणि गरज पडली तर ते चिठ्ठी लिहून देत. घरात मौन पाळायचे असेल तर तसेच पाळावे: किती वेळ आणि कशासाठी ते सांगून, आणि त्या वेळात चेहरा पाडून न ठेवता. राग फारच आला असेल तर “मला अर्धा तास दे, मग बोलू” हे वाक्य पुरते, आणि अर्ध्या तासाने खरोखर बोलायला बसावे लागते.

येथे एक मर्यादा सांगितली नाही तर हे सगळे उत्तर घातक ठरेल. मृदू वाणीचा हा उपदेश ज्याच्या हातात घरातली सत्ता आहे त्याने स्वतःला करायचा आहे. तो सुनेला, मुलांना किंवा परावलंबी वृद्धांना गप्प बसवण्यासाठी वापरला जातो तेव्हा तो अधर्म होतो. संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत नवऱ्याच्या क्रोधाविषयी आणि मारहाणीविषयी लिहून ठेवले आहे. सोसणे म्हणजे न बोलणे, असे त्यांनीही मानलेले दिसत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसाचारच म्हटले आहे. ज्या घरात भीती आहे तेथे कृतज्ञतेची वही आणि एकादशीचा नेम सुचवू नये. तेथे मदत मागावी आणि बाहेरच्या माणसाला सांगावे.

आता आईविषयी. एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला की चिडण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली म्हणजे कान: तुम्ही पाठ फिरवून, मोबाइलकडे पाहत दिलेले उत्तर तिला ऐकूच गेलेले नसेल. समोर बसून, तिच्या चेहऱ्याकडे पाहून, जरा सावकाश उत्तर द्या आणि फरक पडतो का ते पाहा. दुसरी म्हणजे स्मरण: उत्तर नीट ऐकूनही ते थोड्या वेळाने पुसले जात असेल, औषध घेतले की नाही हे आठवत नसेल, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होत असेल, तर हा साधनेचा विषय नाही, डॉक्टरांना दाखवण्याचा आहे, आणि तो पुढे ढकलू नये. दोन्ही ठीक असेल तर प्रश्नाआडून ती बोलायला माणूस शोधत आहे असे समजा. “गॅस बंद केलास का?” याला “हो” एवढेच न म्हणता “हो, आणि दुधावर झाकणही ठेवले. तू दुपारी झोपलीस का?” असे म्हणून पाच मिनिटे तिच्याजवळ टेकलात की तो प्रश्न पुष्कळदा पुन्हा येत नाही. “किती वेळा सांगू?” हे वाक्य मात्र घरातून कायमचे काढून टाका. तुम्ही लहान असताना एकच गोष्ट तिला किती वेळा विचारली असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

राहिला मुलगा. त्याला हरिपाठाला बसवू नका. सोळा वर्षांच्या मुलाला ओढून बसवले तर त्याला हरिपाठ नव्हे, ओढणे लक्षात राहते. तुम्ही मात्र तोंडातल्या तोंडात न पुटपुटता मोठ्याने, चालीवर म्हणा आणि दार उघडे ठेवा. घरात कानावर पडत राहिलेले अभंग पाठ होतात, हे तुम्हाला वडिलांमुळे ठाऊक आहेच. हरिपाठ संपताच त्याला परीक्षेचे गुण, मोबाइल किंवा पसारा यांविषयी काही विचारू नका, निदान तासभर तरी नाही, कारण तुमच्या नेमाची किंमत तो पुढच्या पाच मिनिटांतल्या तुमच्या सुरावरून ठरवत असतो. त्याने एखाद्या ओळीचा अर्थ विचारला तर तेवढ्याच ओळीचा सांगा, प्रवचन करू नका. त्याला यावेसे वाटले तर टाळ घरात आहेतच. नाही वाटले तर त्यावरून वाद घालू नका, आणि आजीच्या देखत ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारे वाक्य तर मुळीच बोलू नका.